दिवा लावायच्या आधी शेळ्यांचं दार

पोरी, लग्नाच्या धांदलीत तुला हे सांगायचं राहूनच गेलं. तू नाशिकच्या तिसऱ्या मजल्यावरून आलीस आणि अकोले तालुक्यातली ही आपली वस्ती तिन्ही बाजूंनी उसात बुडालेली. परवा बांधावरच्या चिखलात ठसा पाहिलास आणि दोन रात्री तुझा डोळ्याला डोळा लागला नाही, हे मला कळलं. म्हणून आज बसून सांगते.

आधी तो ठसाच घे. त्याच्या पुढे नखांच्या टोचण्या होत्या, मी जाऊन पाहिल्या. मग तो बिबट्याचा नव्हे. कुत्र्याचा आणि तरसाचा पाय नखांसकट उमटतो. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याचा ठसा गोलसर, बिननखांचा. आपल्याकडे तरसाच्या नावचं बिल बऱ्याचदा बिबट्यावर फाटतं.

पण म्हणून निर्धास्त होऊ नकोस. बिबट्या आहेच. विद्या अत्रेय नावाच्या बाई या तालुक्यात येऊन राहिल्या, रात्री आपोआप फोटो निघतील असे कॅमेरे त्यांनी वाटावाटांवर लावले. 2013 साली त्यांचं काम छापून आलं. दर 100 चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसं. तेही जिथं एका चौरस किलोमीटरला 300 माणसं राहतात तिथं! 'जंगलातून वाट चुकून आला' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. आपल्या उसात जन्मलेला, उसातच वाढलेला तो. वाट कुठली चुकणार?

त्याच बाईंनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो हेही शोधलं. सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, 39 टक्के. शेळ्यांचा 11 टक्के. आता गंमत बघ, या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट. तरी त्या कमी सापडतात, कारण रात्री त्या कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकाट. माझ्या सासूबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण त्या हेच सांगायच्या: तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा नंतर लाव, आधी शेळ्यांचं दार लाव. आणि दार लावलंस तरी वर बघ. नुसत्या कुडाच्या भिंतीचा त्याला काही अडसर नाही, वरून छत हवं. जाळी मारायची तर खालपासून वरपर्यंत, फटीत हात घालून हलवून बघायची.

माझी चूक सांगते. आमचा मोत्या ओट्यावर साखळीनं बांधलेला असायचा. राखण करील म्हणून. त्याच सुमारास कोंबडी साफ केली की पिसं-आतडी बांधापलीकडे टाकायची सवय लागली होती. त्या वासानं गावभरची कुत्री जमायची आणि कुत्र्यांमागे बिबट्या आला. साखळीतल्या कुत्र्याला पळता कुठून येणार? सकाळी साखळी तेवढी राहिली होती. तेव्हापासून खरकटं खड्ड्यात, वर माती, आणि कुत्रं रात्री आत.

आता माणसांचं. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. म्हणून घास कापताना एकटी वाकून राहू नकोस, मधूनमधून उभी राहा, बोलत राहा. रात्रीची लाइट आली आणि माझ्या नातवाला, तुझ्या नवऱ्याला, भरणं करायला जावं लागलं, तर बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं गाणं. कुठलंही चालेल, त्याला आवड-निवड नाही. समोर दिसलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागं सरायचं आणि त्याला जायला वाट द्यायची. गाव गोळा करून घेरायचं तर मुळीच नाही. कोंडीत सापडला की तो माणसावर उडी घेतो.

लेकरांच्या बाबतीत मात्र मी कसलीच सूट देणार नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातही लेकरं गेली आहेत, आणि 'बिबट्या गरीब असतो' असं मी त्या आयांना सांगायला जाणार नाही. अंधार पडला की पोर अंगणात नको. तोडीची माणसं आली की त्यांच्या कोप्या उसाच्या कडेला पडतात, तिथली पोरं उघड्यावर. त्यांना आपल्या घराजवळची जागा दे, एक बल्ब ओढून दे. विजेचं बिल मी भरते.

तोडीतच कधी बछडी सापडतात. मांजराची पिल्लं म्हणून कुणी उचलतं, फोटो काढतं. हात लावू देऊ नकोस. आई शेजारच्याच सरीत असते. माणसं मागं घे, तोड थांबव, वनखात्याला कळव. खात्याची माणसं पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि रात्रीतून आई घेऊन जाते.

लोक म्हणतील, पिंजरा लावा, लांब सोडून या. माणसावर हल्ला करणाऱ्याला धरावंच लागतं, ते वेगळं. पण दिसला की धर आणि सोड, हे शेजारच्या जुन्नरनं 2001 नंतर करून पाहिलं, आणि माणसांवरचे हल्ले वाढले. पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला 2009 साली एक म्हातारा बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला काढलं, गळ्यात पट्टा बांधला, माळशेज घाटात सोडलं. तो महिनाभरात सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या बोरिवलीच्या उद्यानाशी पोचला. त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. 2011 च्या डिसेंबरात अहमदाबाद हायवेवर गाडीखाली गेला. त्याच्यावर पुढं सिनेमा निघाला, पण मला आठवते ती विहीर. आपल्या मळ्यातल्या विहिरीला कठडा नाही, हे मी तुझ्या सासऱ्यांना तीन वर्षं सांगते आहे. आता तू सांग, नव्या सुनेचं ऐकतील.

वरच्या अंगाला, डोंगराकडच्या आदिवासी गावांत वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात. वाघोबाला नैवेद्य दाखवून जनावरं सांभाळ म्हणून मागणं घालतात. त्या दिवशी तुला घेऊन जाईन.

आणि जनावर गेलंच, तर ते जागचं हलवू नका. 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, पंचनामा झाला की भरपाई मिळते. फोन 1926. हा आकडा तू विसरणार नाहीस, कारण भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं तेच हे साल. गोठ्याच्या दारावर मी तो खडूनं लिहिला आहे, पावसात पुसला गेला की पुन्हा लिही.