बर्लिनची अभ्याससहल

विद्यार्थी मित्रांनो, सहलीचे नाव काढताच तुम्हांला डबा, गाणी आणि खेळ आठवतात. अभ्याससहलीत मात्र वहीदेखील बरोबर न्यावी लागते. जर्मनीतील अनेक शाळा आपल्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी राजधानी बर्लिनला नेतात. चला, अशाच एका तुकडीबरोबर आपणही तेथील बेर्नाउअर रस्त्यावर जाऊ या.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. पुढे १९४९ मध्ये जर्मनीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन देश झाले. बर्लिन शहरही दुभागले गेले. पूर्वेकडील लाखो लोक पश्चिमेकडे निघून जाऊ लागले. त्यांना अडवण्यासाठी पूर्व जर्मनीच्या सरकारने १३ ऑगस्ट १९६१ रोजी काटेरी तारा लावल्या. नंतर तेथे भिंत उभी राहिली. पश्चिम बर्लिनला वेढणारी ही सीमा सुमारे १५५ किलोमीटर लांब होती.

बेर्नाउअर रस्त्यावर तर विचित्रच स्थिती होती. एका बाजूची घरे पूर्व बर्लिनमध्ये आणि त्यांच्या दारापुढचा रस्ता पश्चिम बर्लिनमध्ये! सरकारने दारे बंद केली, तेव्हा लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. काहींचा त्यात जीव गेला. मग खिडक्याही विटांनी बुजवण्यात आल्या.

आज तेथे भिंतीचा काही भाग जपून ठेवला आहे. जेथे भिंत उरली नाही, तेथे लोखंडी सळ्या ओळीने उभ्या आहेत. मृतांची छायाचित्रेही लावली आहेत. १९६१ ते १९८९ या काळात या भिंतीपाशी किमान १४० माणसे मृत्युमुखी पडली.

जवळच श्ट्रेलिट्झर रस्त्यावर ५५ क्रमांकाचे घर आहे. १९६४ साली पश्चिम बर्लिनमधील काही विद्यार्थ्यांनी एका बंद पडलेल्या बेकरीतून या घराच्या अंगणापर्यंत सुमारे १४५ मीटर लांब भुयार खणले. ऑक्टोबरमधील दोन रात्रींत ५७ माणसे त्यातून पलीकडे गेली. दुसऱ्या रात्री सैनिक आले आणि गोळीबार झाला. त्यात एगॉन शुल्ट्झ हा २१ वर्षांचा सैनिक ठार झाला. तो पेशाने शिक्षक होता.

भुयारवाल्यांनीच त्याला मारले, असे पूर्व जर्मनीच्या सरकारने जाहीर केले. अनेक शाळांना त्याचे नाव दिले. मुले तीच हकीकत ऐकत मोठी झाली. १९८९ मध्ये भिंत खुली झाली आणि १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले. त्यानंतर जुनी सरकारी कागदपत्रे तपासता आली, तेव्हा खरी गोष्ट कळली. भुयारवाल्यांपैकी एकाची गोळी शुल्ट्झला लागली होती. पण त्याचा जीव गेला तो अंधारात त्याच्याच साथीदाराने झाडलेल्या गोळ्यांनी. सरकारला हे ठाऊक होते, तरी ते लपवले गेले.

मित्रांनो, 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. तुमच्या गावातही एखादा किल्ला, जुनी विहीर किंवा स्मारक असेल. तेथे जाल, तेव्हा पाटीवरचा मजकूर वहीत उतरवून घ्या. त्याखाली दोन प्रश्न लिहा : हे कोणी सांगितले? याला पुरावा काय? त्यांची उत्तरे शोधू लागलात, की तुमच्या सहलीची अभ्याससहल होईल.

स्वाध्याय
१. बेर्नाउअर रस्त्यावरील घरांच्या खिडक्या का बुजवण्यात आल्या?
२. शुल्ट्झच्या मृत्यूची खरी हकीकत केव्हा व कशी कळली?
३. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूची माहिती मिळवा व पाच वाक्ये लिहा.