तेलाविना लोणचं टिकतं कसं?

प्रश्न : माझी भाची दक्षिण कोरियातल्या जॉन्जू शहरात सहा महिने एकटी राहून तिथला स्वयंपाक शिकते आहे. कोबीला मीठ-तिखट चोळून डब्यात भरते. तेलाचा थेंब नाही, ऊन दाखवणं नाही. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तर डब्याचं झाकण टम्म फुगलेलं! नासलं तर नाही ना? — एक मावशी, सातारा

उत्तर : नाही मावशी, उलट किमची, म्हणजे हे कोरियन लोणचं, जमली! शिवाय शहरही तिने बरोबर निवडलंय. जॉन्जू बिबिमबाप या भात-भाज्यांच्या पदार्थासाठी नावाजलेलं आहे आणि २०१२पासून युनेस्कोच्या खाद्यसंस्कृतीच्या शहरांत गणलं जातं.

तेल नाही म्हणजे टिकणार नाही, ही समजूत आपल्या कैरीच्या लोणच्यामुळे झाली आहे. तेल हवा अडवतं, एवढंच. किमचीत हे काम दुसरंच कोणी करतं. लांबट चिनी कोबी आधी जाड्या मिठात कित्येक तास ठेवतात. पाणी सुटतं, पानं मऊ पडतात. देठाकडचं जाड पान न मोडता वाकलं, की कोबी धुऊन निथळतात. मग पानापानात मसाला भरतात: तिखट, आलं, लसूण आणि तांदळाच्या पिठाची खळ.

मीठ सगळेच जंतू मारतं असं नाही. ते निवड करतं. कुजवणारे बहुतेक जंतू खारात दबतात, लॅक्टिक आम्ल तयार करणारे मात्र तग धरतात. कोबीतली साखर खाऊन ते आम्ल बनवतात आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सोडतात. आम्लाने उरलेसुरले शत्रू हटतात, वायूने हवा बाहेर ढकलली जाते. फुगलेलं झाकण म्हणजे हाच वायू. यातलं ल्युकोनोस्टॉक हे जंतूंचं कुळ तुमच्या इडलीच्या पिठातही असतं.

म्हणून डबा काठोकाठ भरू नये. झाकण अधूनमधून उघडावं आणि किमची दाबून खाराखाली बसवावी. बुरशी धरली किंवा कुजका वास आला, तर मात्र टाकून द्यावी.

आणि टिकण्याचं श्रेय तिखटाला देऊ नका. मिरची मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली. कोरियात १६व्या शतकाच्या अखेरीस पोहोचली, असं साधारण मानलं जातं. भाज्या खारवणं त्याच्या कितीतरी आधीचं.

खरी अडचण एकटं राहण्याची आहे. हा पदार्थ मुळात घोळक्याने करायचा. हिवाळ्याच्या तोंडावर घरंदारं जमून किमची घालतात. त्या प्रथेची २०१३मध्ये युनेस्कोने दखल घेतली. पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरून ठेवत, आता किमचीसाठी वेगळा फ्रीज मिळतो. एका खोलीत राहणाऱ्या मुलीकडे तो कुठून असणार? तिने एकच गड्डा घ्यावा, एखादा दिवस बाहेर आंबवून साध्या फ्रीजमध्ये टाकावा, तेही घट्ट झाकणाच्या डब्यात. नाहीतर दुधालाही लसणाचा वास! थंडीत आंबण्याची क्रिया थांबत नाही, मंदावते. त्यामुळे महिन्या-दीड महिन्याने किमची खूप आंबट होईल. ती फेकू नये. किमची-जिगे नावाचं रस्सेदार कालवण अशा जुन्या किमचीचंच चांगलं होतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: किमची शाकाहारी असेलच असं नाही. मसाल्यात बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा खार असतो. तुमच्याकडे चालत नसेल, तर भाचीला तिथल्या बौद्ध मठांतली किमची शिकायला सांगा. तीत मासळी तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो. तुमच्या चातुर्मासालाही चालेल.