जिप्सम छताचे सांधे : नवशिक्या कारागिरांसाठी

शाळेचा संगणक कक्ष, ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा आरोग्य केंद्राची खोली यांना आतून जिप्सम फलकांचे छत बसविण्याची पद्धत आता लहान गावांतही रुळू लागली आहे. काम नवे असते तेव्हा छत एकसंध दिसते. एखादा पावसाळा उलटला की फलकांच्या कडांनी सरळ रेषेत भेगा उमटतात आणि सारा दोष फलकांवर येतो. वस्तुतः अशा वेळी बहुधा सांधा कच्चा राहिलेला असतो.

जिप्समच्या गाभ्यावर दोन्ही अंगांनी जाड कागद चिकटवून हे फलक तयार होतात. अशा फलकाचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये घेतले. फलकाच्या लांब कडा किंचित निमुळत्या ठेवलेल्या असतात. अशा दोन कडा जुळल्या की मध्ये उथळ पन्हळ पडते. लांबी आणि पट्टी सामावण्यासाठीच ती असते. कापलेल्या कडेला मात्र ही सोय नसते. तेथे लांबी फुगीर होते, म्हणून ती दोन्ही बाजूंना बरीच दूरपर्यंत पातळ पसरावी लागते. असे सांधे एका ओळीत येऊ न देणे हे फलक बसविणाऱ्याचे काम. तेथे चूक झाली असेल तर सांधे भरणाऱ्याची कितीही मेहनत अपुरी पडते.

आरंभी वरचे छप्पर गळत नाही याची खात्री करावी. भिजलेला फलक लोंबू लागतो. त्यावर लांबी लावणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. त्यानंतर फलक हाताने दाबून पाहावा. हलत असेल तर स्क्रू वाढवावेत. स्क्रूचे डोके कागद न फाडता पृष्ठभागाच्या किंचित आत जावे.

नवशिक्याने छतासाठी सुमारे ५० मिलिमीटर रुंदीची कागदी पट्टी घ्यावी. चिकट जाळीची पट्टी लावण्यास सोपी, पण तिच्याखाली पाण्याने घट्ट होणारी भुकटीची लांबीच वापरावी लागते. ही भुकटी घमेल्यात थोडीथोडीच कालवावी व भांडे दर वेळी स्वच्छ धुवावे. जुन्या लांबीचे कण राहिले तर नवी लांबी हातातच आवळते.

प्रथम सांध्यावर लांबीचा सलग थर द्यावा, त्यावर लगेच पट्टी ठेवून पत्र्याने मधून टोकाकडे दाबत न्यावे. जादा लांबी निघून जावी, परंतु पट्टीखाली पातळ थर उरलाच पाहिजे. नवशिक्याचा हात नेमका येथे चुकतो : सफाईच्या हौसेने तो सारी लांबी पुसून काढतो आणि कोरड्या जागी पट्टी फुगते. असा फुगा दिसल्यास तेवढा भाग कापून पुन्हा भरावा. वरून थर चढवून तो लपत नाही.

पहिला थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा, त्याहून रुंद, आणि नंतर तिसरा अधिक रुंद व पातळ थर द्यावा. तयार लांबीला साधारणपणे थरागणिक एक दिवस लागतो; कोकणातील पावसाळ्यात त्याहून अधिक. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून ओल्या थरावर थर चढविण्याचा आग्रह कोणी धरू नये. वाळताना लांबी आकसते, आणि पुढील भेगेचा उगम तेथेच असतो.

शेवटी बारीक पॉलिश पेपरने हलके घासावे. कागदाचे तंतू वर आले की थांबावे. घासताना धूळ थेट चेहऱ्यावर पडते. नाकातोंडावर धूळरोधक मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा हवाच. उभे राहण्यासाठी बाकावर बाक न रचता पक्की घोडी वापरावी.

काम ताब्यात घेणाऱ्या पंचायत सदस्याने किंवा मुख्याध्यापकांनी प्रायमर लावण्यापूर्वी खोली अंधारी करून विजेरीचा झोत छताला जवळजवळ समांतर धरावा. उंचवटे, खळगे व फुगलेली पट्टी त्या तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात, आणि रंग लागण्याआधी त्यांची दुरुस्ती अर्ध्या दिवसात होऊ शकते.