सायकल दारात आहे, पण रोडचे भेव लागते

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. २०२२ मध्ये सायकलीची रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. आपल्या जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्येही या सायकली आल्या. आरोग्याच्या कामाने आम्ही घरोघरी जातो तेव्हा त्या दिसतात. काही रोज शाळेत जातात. काही भिंतीला टेकलेल्या असतात, हँडलवर कपडे वाळत असतात आणि चाकात हवा नसते. मुलीला विचारले की ती खाली बघते. मग आई सांगते, "सायकल येते तिले, पण रोडचं भेव लागते."

मग मुलगी पायी जाते. पाऊस आला की जात नाही. दहावीनंतर पुढची शाळा तालुक्याच्या गावाला असते आणि "एवढ्या लांब कोण पाठवते?" या एका वाक्यावर शिक्षण थांबते. बिहार सरकारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. तिथे पुढे झालेल्या अभ्यासात दिसले की माध्यमिक शाळेत मुलींची संख्या वाढली, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत ती विशेष वाढली. म्हणून सायकल भिंतीला टेकून राहिली, तर नुकसान मुलीच्या शिक्षणाचे होते.

भीती वाटणाऱ्या मुलीला "घाबरू नको" म्हणून काही होत नाही. तापलेल्या माणसाला "ताप येऊ देऊ नको" म्हणण्यासारखेच ते आहे. भीती शरीरात घडते. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की छातीचे ठोके वाढतात, श्वास वर वर चालतो, तळहाताला घाम येतो आणि मूठ हँडलवर आवळली जाते. खांदे ताठ झाले की हँडल डगमगते. त्यात डोळे ज्याची भीती वाटते त्याच्यावरच खिळतात, आणि सायकल तर आपण बघतो त्या बाजूला जाते. खड्ड्याकडे बघणारी खड्ड्यात जाते, हे प्रत्येक शिकणारीने अनुभवले असेल. यावर उपाय साधा आहे. नजर दहा-पंधरा पावले पुढे, जिथे जायचे आहे तिथे ठेवायची. कोपर थोडे वाकलेले. श्वास सावकाश बाहेर सोडायचा, आत घेण्यापेक्षा जास्त वेळ. एवढ्याने मूठ सैल होते. पण हे ट्रक आल्यावर आठवत नाही, आधी मोकळ्या जागेत अंगवळणी पडावे लागते.

इथे नर्सच्या नजरेने एक गोष्ट सांगितली पाहिजे. छाती धडधडणे, दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे हे प्रत्येक वेळी भीतीने होत नाही. अंगात रक्त कमी असले तरी असेच होते. मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. आतून फिकट, पांढरट दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायची, दप्तराच्या कप्प्यात साठवायची नाही. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलही आढळतो. ज्या मुलीला तो आजार आहे तिने सायकल चालवावी की नाही आणि किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. पाण्याची बाटली सोबत हवीच, कारण पाणी कमी पडले किंवा थकवा फार झाला तर दुखणे उठते. अशा मुलीला घरच्यांनी "भित्री" म्हणणे म्हणजे आजारावर टोमणा मारणे आहे.

आता सायकलीकडे वळू. वाटप झालेल्या सायकली सगळ्यांसाठी एकाच मापाच्या येतात, मुली मात्र एका मापाच्या नसतात. नवशिकीसाठी सीट इतके खाली करा की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. अर्धी भीती तिथेच जाते. रस्त्यावर जाण्याइतका हात बसला की सीट पुन्हा वर घ्या, नाहीतर गुडघे दुखतात. ब्रेक तपासा. कोणता ब्रेक पुढच्या चाकाचा आणि कोणता मागचा, हे चाक उचलून, फिरवून मुलीला स्वतः बघू द्या. एकटा पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. दोन्ही ब्रेक सोबत, आणि हळूहळू. ओढणी कमरेला घट्ट बांधा किंवा दप्तराखाली दाबा. चाकात किंवा चेनमध्ये ओढणी गुंतून गळ्याला फास बसतो, त्यात जीव जाऊ शकतो. साडीवाल्या बायांनीही पदर आणि निऱ्या आवरूनच पाय टाकावा.

ज्यांना अजून तोलच येत नाही त्यांच्यासाठी कैची मारण्यापेक्षा सोपी रीत आहे. दुकानदाराकडून दोन्ही पायडल काढून घ्या. स्वतः काढत असाल तर डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवा. मग सीटवर बसून पायांनी जमिनीला रेटा देत पुढे जायचे. काही दिवसांत दोन्ही पाय उचलून दहा-बारा फूट सरळ जाता येते. तोल आला की पायडल परत लावा. मागून कॅरिअर धरून धावणारा भाऊ लागत नाही, आणि तो मध्येच हात सोडेल ही भीतीही राहत नाही.

रस्त्याची तयारी मात्र वेगळी आहे, आणि बहुतेक घरांत तीच राहून जाते. मैदानात गोल फिरता आले म्हणजे सायकल आली असे धरतात आणि दुसऱ्या दिवशी मुलीला थेट डांबरी रस्त्यावर पाठवतात. आमच्या अनुभवात चार गोष्टी आल्याशिवाय रस्ता धरू नये. ठरवलेल्या रेषेवर थांबता येणे. एका हाताने सायकल सांभाळून दुसऱ्या हाताने वळण्याची खूण करता येणे. अगदी हळू चालवतानाही न डगमगणे. आणि सगळ्यात अवघड, मान वळवून मागे बघताना सायकल सरळ ठेवणे. या शेवटच्या गोष्टीला वेळ द्या. विहाराच्या अंगणात चुन्याची सरळ रेघ मारा. मागे उभ्या मैत्रिणीने बोटे दाखवायची, चालवणारीने मागे वळून "तीन" किंवा "पाच" सांगायचे आणि रेघ सोडायची नाही. पोरी खेळ म्हणून शिकतात. ज्या मुलीला मागे काय आहे ते कळते, तिला हॉर्नचा दचका कमी बसतो.

त्यानंतर रविवारी सकाळी, रहदारी कमी असते तेव्हा, शाळेची वाट चालून या. सायकल हातात धरून, पायीच. वळण कुठे आहे, झाडाआड वाट कुठे आहे, साईडपट्टी कुठे खचली आहे, कुत्री कुठे मागे लागतात, ते बघा. पुढच्या रविवारी तीच वाट सोबत चालवा. एका मुलीला विहिरीजवळच्या पुलाचीच भीती वाटत होती, बाकी रस्ता ती बिनधास्त चालवायची. आम्ही तिला सांगितले, पूल येईपर्यंत चालव, पुलावर उतर, पलीकडे पुन्हा बस. तीन आठवडे ती तशीच गेली. चौथ्या आठवड्यात उतरलीच नाही, आणि कोणी तिला सांगितलेही नव्हते. भीतीचा तुकडा एवढा लहान करता येतो. संपूर्ण रस्त्याची भीती म्हटली की हातपाय गळतात.

उतरणे म्हणजे हार, असे मुलींना वाटते. त्यांच्यासाठी एक हिशेब. गावाला जोडणारा एकेरी डांबरी रस्ता साधारण पावणेचार मीटर रुंद असतो. ट्रक सुमारे अडीच मीटर. उरला सव्वा मीटर, तोही ट्रक अगदी दुसऱ्या कडेने गेला तर. सोयाबीनच्या दिवसांत पोत्यांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर याच रस्त्यांनी बाजार समितीकडे जातात. तेव्हा मोठे वाहन लांब दिसले की वेग कमी करायचा, डावीकडे उतरायचे, सायकल धरून उभे राहायचे आणि ते गेले की पुढे जायचे. वाहन अंगाजवळ आल्यावर घाईने उतरू नये, अपघात त्यात होतात. पावसाळ्यात आपली काळी माती साईडपट्टीवर साबणासारखी होते, आणि चाक-मडगार्डमध्ये भरली तर चाक फिरतच नाही. म्हणून तेव्हा डांबरावर असतानाच थांबा, पाय टेका आणि मग सायकल खाली घ्या.

दुपदरी रस्त्यावर अगदी कडेला चिकटून चालवू नका. डांबराच्या काठापासून हातभर आत राहा, म्हणजे खड्डा आला तर सरकायला जागा राहते. मोठा ट्रक बाजूने गेला की वारा आधी ढकलतो, मग ओढतो. हे माहीत असले की दचकून ब्रेक दाबला जात नाही. ट्रॅक्टर वळतो तेव्हा ट्रॉली आतल्या बाजूला घसटत येते, तिच्या डाव्या अंगाला कधीही घुसू नका. ट्रॉलीला धरून सायकल ओढून घेणारी पोरे हुशार दिसतात, त्यांचे अनुकरण नको. आरशात ड्रायव्हरचे तोंड दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही.

अकोला-वाशिम-हिंगोली महामार्गासारखा मोठा रस्ता ओलांडायचा तर उतरून, सायकल हातात धरून ओलांडा. सात मीटरचा रस्ता असा ओलांडायला सहा-सात सेकंद लागतात. ताशी ऐंशीच्या वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात दीडशे मीटर येते. म्हणजे गाडी विजेच्या चार खांबांपेक्षा जवळ असेल तर थांबायचे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर सायकलीला बंदी आहे. अंधार पडल्यावर मोठ्या रस्त्यावर एकटीने सायकल नेऊ नये, हे आम्ही मुलांनाही सांगतो. मागे लाल रिफ्लेक्टर आणि फिकट रंगाचा कपडा असू द्या. हेल्मेट मिळाले तर उत्तमच.

दुसरी भीती माणसांची आहे, आणि तिच्यावर ब्रेक नाही. मोटारसायकलवरून शेरे मारणारे, ओढणीला हात घालणारे, जातीवरून बोलणारे. ही भीती मनाचा खेळ नाही, ती खरी आहे. मुलीने असे काही सांगितले की पहिली प्रतिक्रिया "उद्यापासून सायकल बंद" अशी होते. त्यातून मुलगी एवढेच शिकते की पुढच्या वेळी घरी सांगायचे नाही. तीन-चार मुलींनी ठरवलेल्या वेळी सोबत निघावे. गाडीचा नंबर लक्षात ठेवावा. शाळेला लेखी कळवावे. ११२ हा पोलिसांचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर दप्तरात लिहून ठेवावा. अठरा वर्षांखालील मुलीशी केलेला लैंगिक छळ पोक्सो कायद्यात येतो आणि जातीवाचक अपमानाला ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. तक्रारीला मुलीसोबत वस्तीतली चार माणसे जावीत, एकटे आईबाप नकोत.

काही घरांत आज्जी हळूच विचारतात, सायकलीने मुलीच्या अंगाला काही होत नाही ना? लग्नाचे काय? स्पष्ट सांगतो. सायकलीने गर्भाशयाला इजा होत नाही, पाळी बिघडत नाही. पाळीत बरे वाटत असेल तर सायकल चालवता येते. योनीमुखावरचा पातळ पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, त्यावरून कोणाचे चारित्र्य ठरत नाही. अशी "परीक्षा" शास्त्राला धरून नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे.

आणि आयांनी मागे का राहावे? तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेसोबत बायांनी सायकल शिकायला सुरुवात केली. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बाया हजारोंनी रस्त्यावर आल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येते.

पडणे होणारच. खरचटले तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. माती, हळद, रॉकेल लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले ते बघून आरोग्य केंद्रात जा. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, बेशुद्धी, कानानाकातून रक्त यांतले काही दिसले तर मान न हलवता झोपवा आणि १०८ ला फोन करा. साधे पडणे असेल तर जखम बरी होताच, दोन-चार दिवसांत, अंगणात का होईना पुन्हा सायकलवर बसवा. मध्ये महिना गेला तर पडण्याची आठवण मोठी होत जाते. गरोदर बायांनी या दिवसांत शिकायला घेऊ नये. फिट येणाऱ्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस्त्यावर सायकल नेऊ नये.