प्राध्यापक आणि दिव्यांग विद्यार्थी : एक विचार

गेल्या वर्षी मी बी.ए. प्रथम वर्षात असताना तृतीय वर्षातील एका अंध ताईची लेखनिक म्हणून काम केले. ती सांगायची, मी लिहायची. आपला लेखनिक आपण आणायचा झाल्यास तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा, असा दंडक होता. म्हणून माझी निवड झाली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. पुसेगावाहून एस.टी.ने जाऊन आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो, याचा मला अभिमान वाटत होता.

दुसऱ्या पेपरला पर्यवेक्षक सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तिला कशाला शिणवतेस? तुला येईल ते लिहून टाक, पास होईल बिचारी." सरांच्या मनात वाईट काहीच नव्हते. पण पुढचे उत्तर सांगताना ताईचा आवाज असा कडक झाला की माझा पेन थांबला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तीन वर्षांत वर्गात मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. मी चुकले तर विचारणाऱ्यालाच वाईट वाटेल ना!" तेव्हापासून मी या विषयाचे वाचन सुरू केले.

कायदा आपल्या बाजूने पुष्कळ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक आहे त्यांच्यासाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या आहेत. लेखनिक घेणाऱ्यास दर तासाला २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, ही तरतूद २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

जागा मिळाली, वेळ मिळाला, वर्गातले काय? महाविद्यालयात शिकविण्यास नेट, सेट वा पीएच.डी. लागते, बी.एड. लागत नाही. म्हणजे ज्याला दिसत नाही वा ऐकू येत नाही त्याला कसे शिकवावे, हे आमच्या प्राध्यापकांना बहुधा कोणी शिकविलेलेच नसते. वास्तविक याच कायद्याच्या कलम ४७ मध्ये महाविद्यालय व विद्यापीठ शिक्षकांच्या शिक्षणक्रमात हा विषय घालण्यास सांगितले आहे. माहिती नसली की माणूस एकतर टाळतो किंवा कीव करतो. मला तर कीव अधिक घातक वाटते, कारण तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही!

महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला वाचेचे अपंगत्व ४० टक्क्यांहून अधिक म्हणून एम.बी.बी.एस.ला अपात्र ठरविले होते. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नुसत्या टक्केवारीवरून दार लावायचे नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे तज्ज्ञांनी तपासायचे. आधी विचारायचे, मग ठरवायचे. नेमके हेच वर्गात होत नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी २००३ पासून स्वतंत्र केंद्र आहे. आमच्या भागात तसे होईल तेव्हा होवो. परंतु फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचायला, टिपणे मोबाईलवर बोलून द्यायला पैसा लागत नाही.

आमच्या वर्गात एक कमी ऐकू येणारा मित्र आहे. तो ओठ पाहून समजून घेतो. एक सर फळ्याकडे तोंड करून बोलत. त्याने धीर करून सांगितले, तेव्हापासून सर वळून बोलतात. गेल्या महिन्यात त्यांनी त्याला उभे करून प्रश्न विचारला. उत्तर साफ चुकले. "उद्या धडा वाचून ये," असे सर सर्वांसमोर रागावले. त्या दिवशी स्टँडवर एस.टी.ची वाट पाहताना हा गडी आम्हाला तीन वेळा तेच सांगत होता, "सर मला रागावले!"