बॅगेआधी पट्टे बघा

दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत अर्धा तास काढला, की मोटरसायकलवर सामान कसं बांधावं आणि कसं बांधू नये याचं अख्खं प्रदर्शन फुकटात बघायला मिळतं. कुणाच्या मागच्या सीटवर कॉलेजची सॅक आडवी पडलेली असते आणि तिच्यावरून बंजीच्या दोन दोऱ्या ताणलेल्या. कुणाच्या बुलेटला दोन्ही बाजूंनी सॅडलबॅगा, त्यातली उजवीकडची सायलेन्सरला जवळजवळ टेकलेली. एखाद्या हिमालयनला अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, पेट्यांवर तंबू, तंबूवर घडीची खुर्ची. धोपाव्याहून बोट येते, रॅम्प खाली पडतो आणि ओल्या, निसरड्या उतारावरून गाडी आत घ्यावी लागते. कुणाचं सामान हलतंय आणि कुणाचं गाडीशी एकजीव झालंय, ते त्या दहा पावलांत दिसतं.

कोकणच्या किनाऱ्याने उतरणाऱ्याला असे उतार बरेच लागतात. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. किनाऱ्यावर तंबू ठोकत जायचं म्हटलं की सामान वाढतं, आणि सामान वाढलं की पहिला प्रश्न येतो: पेट्या घ्यायच्या की कापडी बॅगा?

पेट्यांची हौस बरीचशी पडद्यावरून आली. २००४ साली अभिनेते युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन बीएमडब्ल्यूच्या भल्यामोठ्या गाड्या घेऊन लंडनहून पूर्वेकडे निघाले. त्या प्रवासावरच्या ‘लाँग वे राउंड’ मालिकेनंतर ‘अ‍ॅडव्हेंचर’ गाडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या असं समीकरणच झालं. त्याच मालिकेत मंगोलियाच्या कच्च्या वाटांवर त्यांच्या कॅमेरामनच्या गाडीची फ्रेम तुटली आणि त्याला तात्पुरती एक साधी रशियन गाडी घ्यावी लागली, हे मात्र पेट्या बघणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. फ्रेम पेट्यांमुळेच तुटली असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण ओझ्याने लादलेली गाडी आणि खड्ड्यांचा रस्ता यांचं जमत नाही, एवढं तर खरंच. पेट्यांची जोडी आणि ती लावायची लोखंडी चौकट मिळून रिकामीच पंधरा किलोच्या आसपास जाते. कापडी जोडी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसते. दुसरी गोष्ट पायाची. चिखलात गाडी डगमगली की पाय आपोआप खाली टेकतो, आणि गाडी पुढे सरकत असेल तर मागून येणारी पेटी पोटरीवर आदळते. कापडी बॅग आदळली तर दुखेल, पण हाड मोडण्याची शक्यता बरीच कमी.

म्हणजे कापडी बॅगच घ्या, असा निकाल इथेच लावता येईल. अडचण पुढे आहे. पेटी चौकटीला नटबोल्टने बसते, त्यामुळे ती कुठे असावी हे कंपनीने ठरवलेलं असतं. कापडी बॅग कुठे असावी हे पट्टे ठरवतात, आणि पट्टे आपण बांधतो. गिऱ्हाईक मात्र दुकानात कापड चाचपतं, लिटर विचारतं, वॉटरप्रूफ आहे का म्हणून दहा वेळा विचारतं. पट्ट्याकडे बघतं कोण?

वरंध घाटात आमच्या पुढे चाललेल्या गाडीचं मागचं चाक एकाएकी जाम झालं. चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये होता म्हणून तो पोरगा वाचला. गाडी हातभर घसरत गेली आणि आडवी झाली. उतरून बघितलं तर टेलबॅगच्या पट्ट्याचं मोकळं टोक चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये पार गुंडाळलेलं. पट्टा बकलमधून नीट ओढला होता, बॅगही घट्ट होती. फक्त ओढून उरलेलं वीतभर टोक तसंच लोंबत ठेवलं होतं. पान्याने चाक ढिलं करून, सुरीने एकेक धागा कापत ते बाहेर काढायला तासभर गेला. चेनच्या कड्यांत नायलॉन वितळून चिकटलं होतं ते वेगळंच. तोच प्रकार महामार्गावर झाला असता तर त्याबद्दल इतक्या सहज लिहिता आलं नसतं.

स्प्लेंडरसारख्या गाडीची चेन पूर्ण झाकलेली असते, तिथे हा धोका कमी. टूरिंगसाठी घेतल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांची चेन उघडी असते. म्हणून बॅग हातात घेतली की आधी पट्ट्याचं उरलेलं टोक कुठे जाणार ते बघायचं. चांगल्या बॅगेला ते गुंडाळून खोचायला इलॅस्टिकची कडी किंवा वेल्क्रोची पट्टी असते. नसेल तर मोच्याकडून लावून घ्या, किंवा टोक कापून मेणबत्तीवर जाळून घ्या. मात्र कापण्याआधी बॅग पूर्ण भरून आणि पूर्ण रिकामी, अशी दोन्ही वेळा बांधून बघा. बंजीबद्दल एकच सांगणं: वरून रेनकोट अडकवायला ठीक, मुख्य ओझ्याला नको. ती ताणली जाते हाच तिचा दोष. खड्ड्यात सामान उडालं की तीही त्याच्याबरोबर उडते, आणि तिचा लोखंडी आकडा सुटून डोळ्यात जाऊ शकतो. न ताणला जाणारा, दात असलेल्या बकलचा पट्टा हा त्याला खरा पर्याय.

भारतातल्या गाड्यांना आणखी एक गोष्ट असते, जी परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही: साडी गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ नुसार, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी सोय गाडीला असावीच लागते. हौशी मंडळी ‘गाडी कशी भारी दिसते’ म्हणून ती जाळी पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. काढू नका. डावीकडची सॅडलबॅग तिच्यावरच टेकते. ती नसेल तर भरलेली बॅग वळणावर आत झुकते आणि टायरला घासायला लागते. जिथे साडीचा पदर गेला असता तिथे आता पट्टा जातो.

उजवीकडे अर्थातच सायलेन्सर. पॉलिस्टर आणि नायलॉन वितळतात अडीचशे अंशांच्या आसपास; पण त्यांच्यावरचं वॉटरप्रूफ अस्तर त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, आणि पीव्हीसी ताडपत्रीची बॅग तर शंभराच्या आतच ढिली पडायला लागते. घाटात चढताना सायलेन्सर याहून कितीतरी तापतो. जळण्याची सुरुवात वासाने कळत नाही, कारण वास मागे उडून जातो. थांबल्यावर बघावं तर बॅगेला पंजाएवढं भोक आणि आतल्या स्लीपिंग बॅगचा कापूस पिवळा. सायलेन्सर वर उचललेला असेल, जसा हिमालयनचा, तर हा प्रश्न दुप्पट. बॅग आणि सायलेन्सर यांच्यात आडवा तळहात सहज जाईल एवढी जागा हवी, आणि ती गाडी स्टँडवर असताना मोजून चालत नाही. स्वार बसलेला, मागे कुणीतरी बसलेलं, शॉकअ‍ॅब्सॉर्बर दबलेला, अशा स्थितीत मोजायची. जागा राहत नसेल तर सॅडल स्टे म्हणून मिळणारी वाकवलेल्या पाइपची चौकट बसवा. तिच्यामुळे किलो-दोन किलो वजन वाढतं, पण बॅग चाकापासून आणि सायलेन्सरपासून दोन्हीकडून दूर राहते. माझं मत विचाराल तर सॅडलबॅग घ्यायची असेल तर बजेट ठरवतानाच या चौकटीचे पैसे धरावेत; ते शक्य नसेल तर सॅडलबॅगचा नाद सोडून मागच्या सीटवर आडवी टेलबॅग घ्यावी. एकट्याने फिरणाऱ्याला ती पुरते.

आता कापड. बॅगेवर ६०० डेनियर, १००० डेनियर, १६८० डेनियर असे आकडे छापलेले असतात. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तर धागा जाड, एवढंच तो सांगतो. विणकाम किती घट्ट आहे, अस्तर कसलं आहे, शिवण एकेरी आहे की दुहेरी, हे सांगत नाही. नायलॉन घासण्याला जास्त टिकतं, पॉलिस्टर उन्हाला. नायलॉन पाणी पिऊन किंचित सैल पडतं, म्हणून पावसात त्याचे पट्टे पुन्हा आवळावे लागतात. मुंबईची रायनॉक्स, बंगळूरची व्हायाटेरा असे देशी उत्पादक आता बऱ्यापैकी बॅगा करतात. क्रीगा किंवा ऑर्टलीबसारख्या परदेशी बॅगा उत्तमच, पण त्यांच्या किमतीत ताम्हिणीच्या पलीकडे चार मुक्काम होतील.

ताम्हिणी म्हटलं की पाऊस आलाच. साध्या बॅगेबरोबर येणाऱ्या रेन कव्हरवर फार भरवसा ठेवू नका. वेगात वारा त्याच्या खालून शिरतो, ते फुग्यासारखं फुगतं आणि कधी उडून गेलं ते कळतही नाही. उडालं नाही तर त्याच्या तळाशी पाणी साठतं आणि बॅग त्यात बुडून राहते. तोंड गुंडाळून बंद होणारी बॅग याहून चांगली, पण गुंडाळ्या निदान तीन पडल्या पाहिजेत. दुकानदार ‘साठ लिटर’ म्हणतो तेव्हा ते तोंडापर्यंत भरून. तीन गुंडाळ्या घातल्या की त्यातले बरेच लिटर गेले. झिपवर वॉटरप्रूफ लिहिलं असलं तरी ती सरीला टिकते, आंबोलीच्या पावसाला नाही. घरी आणल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, बॅग बंद करून बाथरूमच्या शॉवरखाली पंधरा मिनिटं ठेवा आणि मग कागद बघा. बोळे ओले निघाले तर परत करायची मुदत संपायच्या आत कळलेलं बरं.

पैसे कमी असतील तर ६०० डेनियरची साधी, मजबूत पट्ट्यांची बॅग घ्या आणि आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला. हा उपाय दिसायला गरीब आहे, पण कपडे कोरडे राहतात. शिवाय पूर्ण वॉटरप्रूफ बॅग पाणी जसं आत येऊ देत नाही तसं आतलं बाहेरही जाऊ देत नाही. ओला तंबू तिच्यात कोंबला की दुसऱ्या दिवशी सगळ्याला कुबट वास. म्हणून तंबू बाहेर, वेगळ्या पिशवीत, सगळ्यांत वर. पावसात मुक्कामाला पोचलं की पहिल्यांदा तोच लागतो, आणि तो काढताना बाकीच्या बॅगेचं तोंड उघडावं लागू नये.

वजनाचं गणित साधं आहे, पण करत कोणी नाही. जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे सॅडलबॅगेच्या तळाशी: हत्यारं, ट्यूब, डबे. हलकी आणि फुगीर वस्तू मागे व वर: स्लीपिंग बॅग, मॅट. मागच्या एक्सलच्या पलीकडे ओझं गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल वळवळायला लागतं. डावं-उजवं वजन घरच्या काट्यावर करून घ्या. टायरमधली हवा आणि शॉकचा प्रीलोड भरलेल्या गाडीसाठी मॅन्युअलमध्ये वेगळा दिलेला असतो. टँकबॅग बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. घाटातल्या यू-टर्नला बॅग हँडलमध्ये अडली किंवा हॉर्नचं बटण दाबलं गेलं तर पाय टेकवायलाही वेळ मिळत नाही. आणि मागून एकदा बघा: टेललाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट दिसतेय ना? नाहीतर नाक्यावरचे हवालदार दाखवून देतील.

लडाख किंवा स्पीतीला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. मनालीहून निघून अटल बोगदा ओलांडला की तांदीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी अनेक वर्षं लोक फोटोत बघत आलेत. त्या हिशोबाने जास्तीचं पेट्रोल न्यायचं तर ते बॅगेत कधीच नाही. बाहेर, डाव्या बाजूला, स्वतंत्र कॅनमध्ये. दुसरी गोष्ट चुलीची. पवना किंवा भंडारदऱ्याला मजेत चालणारं साधं ब्यूटेनचं नळकांडं सरचूच्या रात्री मुकं होतं, कारण ब्यूटेनचा वायू होतो तोच मुळात शून्य अंशाच्या आसपास. त्याच्याऐवजी आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचं नळकांडं घ्या. तेही सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचं नाही, हे सांगायला नको.

चोरीची भीती खरी आहे. कापडाला सुरी लागते आणि काम होतं. म्हणून आतली पिशवी वेगळी निघणारी बॅग घ्या. ढाब्यावर थांबलात तर पैसे, कागद आणि कॅमेरा टँकबॅगेत, आणि टँकबॅग खांद्यावर.

पेटीचं बिजागर मोडलं तर गॅरेज शोधावं लागतं, कापडी बॅग कुठेही दुरुस्त होते. चिपळूणच्या एसटी स्टँडबाहेर बसलेल्या एका मोच्याने एकाची उसवलेली सॅडलबॅग वीस मिनिटांत शिवून दिली होती. आरीने भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन्हीकडून घ्यायचा, करकचून ओढायचा. मूळ शिवणीहून ती पक्की निघाली. बकल मात्र मोच्याकडे नसतं. एक-दोन जादा बकलं आणि चार-पाच मीटर नायलॉनची दोरी पंक्चर किटबरोबर ठेवून द्या.

दुकानात जाताना गाडी घेऊन जा. जमलं तर तंबू आणि स्लीपिंग बॅगही न्या. बॅग भरा, स्वतःच्या हाताने बांधा, मागे कुणाला तरी बसवा, गाडीभोवती एक फेरी मारा आणि मग किंमत विचारा. बांधून बघू द्यायला दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा. पुण्या-मुंबईत त्यांची कमी नाही.