माणसं टिकवायची कृती: किन्हवली परिसरातल्या छोट्या मालकांसाठी

किन्हवलीच्या आसपास भातगिरणी, पोल्ट्री, पॅकिंगची शेड किंवा गोदाम चालवणाऱ्याचं गाऱ्हाणं ठरलेलं: "माणसं मिळतात, पण टिकत नाहीत." एकदा का आसनगावची गाडी पकडली की पोरगा ठाण्या-भिवंडीच्या बाजूला गेलाच. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेल्यापासून ही ओढ कमी होणार नाही, हे धरूनच चालायला हवं. दहा-पंधरा माणसांच्या धंद्यात पुढची कामं क्रमाने करून पाहा.

१. भरतीच्या आधी काम लिहून काढा. कोणतं काम, किती तास, वरचा माणूस कोण, काय शिकलं की पगार वाढेल. अर्धं पान पुरतं. "पडेल ते काम" हे शब्द त्यात येऊ देऊ नका. आठवड्याभरात निम्मी भांडणं त्यातूनच निघतात.

२. भरती मुकादमावर सोडू नका. तो त्याच्या ओळखीची आणि त्याला देणं लागणारी माणसं आणतो. स्वतः पाड्यावर जा, घरच्यांसमोर बोला. डोळखांब-शेणवे भागातून बाई कामाला येणार असेल, तर शिफ्ट ठरवण्याआधी परतीची शेवटची एसटी कितीची आहे ते विचारा. कागदपत्रांच्या झेरॉक्स घ्या. मूळ आधार किंवा एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवून घेणारे मालक आहेत, तो प्रकार मुळीच नको. आधी कुठे नोकरी झाली असेल तर भविष्य निर्वाह निधीचा जुना खाते क्रमांक (यूएएन) मागून घ्या. नवा काढला की मागचे पैसे अडकतात.

३. उचल. इथे जरा थांबून वाचा. आपल्याकडे माणूस बांधून ठेवायचा जुना मार्ग हाच. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा कातकरी कुटुंबाला उचल द्यायची, दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर न्यायचं आणि हंगामभर हिशेब भट्टीवाल्याच्या वहीत ठेवायचा. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. तो कागदावरून पाड्यापर्यंत आणायला तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात १९८२ साली विवेक पंडित यांना श्रमजीवी संघटना उभी करावी लागली. तुमची शेड भट्टी नसेल, पण "आधी पैसे फेड, मग जा" हे वाक्य तुमच्या तोंडी आलं तर फरक फार उरत नाही.

उचल देऊच नका असं नाही. घरात आजारपण असतं, लग्न असतं. मात्र रक्कम, तारीख आणि महिन्याचा हप्ता लिहा, एक प्रत कामगाराला द्या. व्याज लावू नका. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, ही कायद्याची मर्यादा आहे. मी म्हणेन, उचलीचा हप्ता त्याच्याही पुष्कळ खाली ठेवा.

४. नेमणूकपत्र द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक केलं आहे. सोपं मराठी चालतं: "तुम्हाला अमुक तारखेपासून भरडाई विभागात मदतनीस म्हणून नेमले आहे. कामाची वेळ सकाळी ९ ते ५.३०, मध्ये अर्धा तास सुट्टी. साप्ताहिक सुट्टी मंगळवार. पगार दरमहा इतका, ७ तारखेच्या आत बँक खात्यात." पत्र हातात देण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. अंगठा उठवणाऱ्यांना तर नक्कीच, आणि सही करणाऱ्यांनाही.

५. भिंतीवरच्या कालनिर्णयवर वर्षाच्या सुरुवातीलाच खुणा करा. माणसं "न सांगता दांडी मारतात" असं म्हणतो, ते दिवस दरवर्षी जवळपास तेच असतात. उन्हाळ्यात राब भाजणी, जुलैमध्ये लावणी, मग गौरी-गणपती, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी, पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा, शेवटी होळी. लावणी तर सावडीने होते. आज शेजाऱ्याच्या शेतात गेलं नाही, तर उद्या आपल्या शेतात कोणी येत नाही. अशा वेळी नोटीस लावून काही होत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना बसवा आणि विचारा, "कुणाचं शेत आधी लागतं?" दोन तुकड्या पाडा, एक गेली की दुसरी कामावर. यादी त्यांनाच करू द्या. मालकाने केलेली यादी मोडते, आपसात ठरलेली सहसा पाळली जाते. मालाची मोठी ऑर्डर जुलैत घेऊ नका, हेही याच कामात येतं.

६. पगार सात तारखेच्या आत, पावतीसह. जादा तासांना दुप्पट दर. दहा माणसं झाली की कर्मचारी राज्य विमा (ईएसआय), वीस झाली की भविष्य निर्वाह निधी. ईएसआयमध्ये मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के जातात. जवळच्या दवाखान्याचा पत्ता आणि कार्ड कसं वापरायचं, हे समजावून सांगा. पैसे कापले जातात आणि कार्ड पेटीत पडून राहतं, असं फार ठिकाणी दिसतं.

७. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी. अध्यक्ष बाईच, किमान निम्मे सदस्य बायका, एक सदस्य बाहेरचा. नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. नावं आणि फोन नंबर बायकांच्या स्वच्छतागृहाजवळ लावा, ऑफिसात साहेबाच्या पाठीमागे नकोत. स्वच्छतागृहच नसेल तर आधी ते बांधा.

८. चूक झाली तर त्याच दिवशी, एकट्याला बाजूला घेऊन बोला. दुसऱ्यांदा झाली तर लेखी द्या आणि त्याचं म्हणणंही लेखी घ्या. फोनवरून "उद्यापासून येऊ नको" म्हणणं धोक्याचं आहे.

९. सोडून जाणाऱ्याचा पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करा. नव्या संहितेत मुदत तेवढीच आहे, राजीनामा दिलेल्यालाही. अनुभवाचा दाखला न मागता द्या. शहापूरला किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत तो कुठे लागला याचा राग धरू नका. पुढच्या वेळी त्याच पाड्यावर माणसं शोधायला गेलात की लोक तुमच्याविषयी पहिली चौकशी त्याच्याकडेच करणार आहेत.